धूपगड आणि मराठी पावले

(पालक आणि माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला पनागरच्या कोणत्याही मराठी घरातल्या मुलाला ‘सर्वांत उंच शिखर कोणते?’ असे विचारले, तर बहुधा तत्काळ उत्तर येते : कळसूबाई. उंची १६४६ मीटर, तालुका अकोले, पायथ्याचे गाव बारी. उत्तरात चूक काहीच नाही. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर तेच. प्रश्न इतकाच उरतो, की हे उत्तर देणारे मूल राहते पनागरला, महाकोशलात. त्याच्या घराभोवती मटार आणि गव्हाची शेते आहेत, आणि कळसूबाई तिथून शेकडो कोस दूर पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर उभी आहे. ते मूल ज्या राज्यात जन्मले आणि वाढले, त्या मध्य प्रदेशाचे आणि सबंध सातपुड्याचेही सर्वोच्च शिखर धूपगड. उंची सुमारे १३५० मीटर. एका रात्रीची मजल केली तर उगवता सूर्य तिथून पाहता येतो. तरीही हे नाव मुलांच्या जिभेवर सहजी येत नाही.

यात मुलांचा दोष कसला? घरात आजीच्या तोंडून ज्या डोंगराच्या गोष्टी ऐकल्या, तो सह्याद्री. शिवरायांचे गड सह्याद्रीवर. मराठी पुस्तकातली चित्रे सह्याद्रीची. ‘डोंगर’ हा शब्द मराठीत उच्चारला, की डोळ्यांसमोर काळाकभिन्न कातळ उभा राहतो. महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचीही कल्पनासृष्टी अशी गावाकडेच राहते. त्यात गोडवा आहे, पण थोडे नुकसानही आहे. जो डोंगर रोजच्या दक्षिण क्षितिजामागे उभा आहे, तो परका ठरतो. आणि गंमत अशी, की धूपगड मराठीला परका कधीच नव्हता. किंबहुना मराठी पावलांनी जितका हा डोंगर तुडवला आहे, तितका फार थोड्यांनी तुडवला असेल. आजचा विषय तोच आहे.

पनागरहून निघालेल्या माणसाने जबलपूर गाठावे आणि इटारसीकडे जाणारी गाडी धरावी. नरसिंहपूर, गाडरवारा ही स्थानके मागे पडतात. नर्मदा उजव्या हाताला, दृष्टीआड. डाव्या खिडकीतून मात्र शेतांच्या पलीकडे एक निळसर रेघ सारखी सोबत करते. तोच सातपुडा. पुष्कळ प्रवासी त्या रेघेकडे न पाहताच पिपरियाला उतरतात. पिपरियापासून पचमढी सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मटकुलीजवळ देनवा नदी ओलांडली, की घाट सुरू होतो आणि थोड्याच वेळात झाडांचा चेहरा बदलू लागतो. खालच्या उतारांवर साग आहे, ज्याची मोठी पाने पावसाळ्यात ढालीसारखी वाजतात. वर पचमढीच्या पठारावर साल आहे. सागाचे राज्य दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे, सालाचे पूर्वेकडचे. मंडला, अमरकंटकाकडच्या सालवनांपासून तुटून पश्चिमेला एकटा राहिलेला सालाचा हा पुंजका वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून कोड्यात टाकत आला आहे. वनवासी माणसाला त्याचे कोडे पडत नाही. त्याला सालाची राळ ठाऊक असते आणि पानांच्या पत्रावळी ठाऊक असतात.

पचमढी गावातून धूपगडावर स्वतःची मोटार नेता येत नाही. बायसन लॉजपाशी वन खात्याची परवानगी घ्यावी लागते आणि नोंदणी असलेल्या जिप्सीतून जावे लागते. हा बायसन लॉज कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६२ च्या सुमारास बांधवून घेतला. ‘पचमढीचा शोध फोर्सिथने लावला’ हे वाक्य प्रवासी पुस्तिकांत इतक्या वेळा छापले गेले आहे, की मुले ते पाठ म्हणतात. फोर्सिथ लेखक उत्तम होता, जंगलाचा जाणकार होता. मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचले जाते. पण तो आला तेव्हा पठारावर कोरकूंची वस्ती होती आणि महादेवाच्या गुहेपर्यंत यात्रा भरत होती. खडकांच्या ओवऱ्यांत तर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी शिकारीची, नाचाची, मध गोळा करण्याची चित्रे रंगवून ठेवली होती. १९३० च्या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी त्यांचा नेटाने अभ्यास केला. जिथे लोक राहतात, पूजा करतात आणि चित्रे काढतात, त्या जागेचा ‘शोध’ कसा लागतो, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात अवश्य विचारावा.

धूपगडाचा दगड हातात घेऊन पाहण्याजोगा आहे. कळसूबाई ही लाव्हाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर ओतला गेला आणि थंड झाला, म्हणून सह्याद्रीला पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले. धूपगड वाळूचा आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी प्राचीन नद्यांनी आणून टाकलेली वाळू दाबली जाऊन तिचा दगड झाला. भूशास्त्रात त्याला पचमढी वालुकाश्म असेच नाव आहे आणि तो गोंडवन काळातला समजतात. बोटाने घासला तर कण सुटतात. म्हणजे मराठी माणूस ज्या सह्याद्रीला आदिपुरुष समजतो, त्याच्या तिप्पट वयाचा हा डोंगर आहे. वयाचा अभिमान डोंगरांना नसतो, माणसांना असतो. तरी मुलांना ही तुलना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

या वाळूच्या दगडाचा आणखी एक गुण म्हणजे तो पाणी पितो. पावसाचे पाणी भेगांतून आत मुरते आणि महिनोन्महिने थेंबाथेंबाने दऱ्यांत झिरपत राहते. म्हणूनच पचमढीच्या खोल घळ्यांत भर उन्हाळ्यातही शेवाळ ओले असते आणि झाडाएवढे वाढणारे नेचे तिथे सापडतात. शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी ठरलेली मोठी तांबूस खार, इथल्या झाडांवरही घरटी बांधते. तिला राज्याची सीमा कोणी दाखवलेली नाही.

माथ्यावर पोहोचणे अगदी सोपे आहे, आणि हीच या शिखराची अडचण आहे. पचमढीचे पठार हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे उरलेली चढण जिप्सी थोड्या वेळात संपवते. कळसूबाईला बारीपासून घाम गाळावा लागतो, लोखंडी शिड्या चढाव्या लागतात, आणि त्यामुळे माथ्यावर पोहोचलेला माणूस काही काळ तरी गप्प बसतो. धूपगडावर संध्याकाळी शेकडो माणसे एकदम उतरतात. सूर्य सातपुड्याच्या रांगांमागे बुडतो, टाळ्या पडतात, भ्रमणध्वनीत चित्रे उतरतात आणि दहा मिनिटांत गाड्या परतीला लागतात. टाळ्या कुणासाठी असतात, हे सूर्यालाच ठाऊक. त्या गर्दीत क्वचितच कोणी पूर्वेकडे वळून पाहते, जिथे त्याच वेळी डोंगराची सावली लांबलांब होत दरीवरून सरकत असते. पहाटे मात्र इथे माणसे थोडी असतात. ऊन सर्वांत आधी याच माथ्यावर येते आणि सर्वांत शेवटी इथून जाते. ‘धूपगड’ या नावाचा उलगडा लोक असाच करतात.

पण जीपने येणारा प्रवासी ज्याला धूपगड म्हणतो, तो या डोंगराचा केवळ माथा. त्याच्या अंगाखांद्यावरून, दऱ्यांतून आणि कपारींतून जी वाट जाते ती दुसरीच आहे, आणि ती वर्षातून जेमतेम दहा-बारा दिवस उघडते. ती नागद्वारीची वाट.

नागपंचमीच्या आधी सुमारे दहा दिवस पचमढीत मराठीचा महापूर येतो. नागपूर, अमरावती, वर्धा, भंडारा, यवतमाळ, आणि मध्य प्रदेशातल्याच मराठी मुलुखातून, पांढुर्णा-सौंसरहून, लाखो माणसे येतात. छिंदवाडा, परासिया, तामिया असा मार्ग. नागपूरकडून एसटीच्या जादा गाड्या सुटतात, बाकीचे टेम्पोत, जीपमध्ये, रेल्वेने पिपरियाला उतरून. पावसाचे दिवस, डोंगर ढगात बुडालेला. जलगलीपासून पुढे पायी. काजरी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार अशी ठाणी घेत घेत नागदेवतेच्या गुहेपर्यंत जायचे आणि परत यायचे. ओल्या वालुकाश्मावर पाय घसरतो, ओढ्यांना पाणी असते, काही जागी शिडीचा आधार घ्यावा लागतो. तरुण पोरे पळत जातात, आणि सत्तरीतल्या म्हाताऱ्या बायका काठी टेकत, थांबत, पण न चुकता जातात. विदर्भातली सेवा मंडळे वाटेवर तंबू ठोकून जेवण देतात. व्याघ्रप्रकल्पाच्या आतल्या भागात जाण्याची मुभा या काळापुरतीच असते; पंचमी झाली की वाट बंद होते आणि जंगल पुन्हा आपल्याशी बोलू लागते.

इथे पंचांगाची एक मौज सांगण्यासारखी आहे. यात्रा सुरू होते तेव्हा पचमढीचा स्थानिक दुकानदार म्हणतो, ‘सावन का महीना है.’ त्याच्या दुकानात गुळ-फुटाणे घेणारी अमरावतीची बाई म्हणते, अजून आखाडच आहे. दोघेही खरे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. म्हणून कृष्णपक्षाचा पंधरवडा एकाच्या श्रावणात पडतो आणि दुसरीच्या आषाढात. अमावास्या उलटली की दोघांचा श्रावण एक होतो आणि नागपंचमी दोघांची एकाच दिवशी येते. पनागरच्या मराठी घरांत ही दोन पंचांगे वर्षभर शेजारी शेजारी नांदतात, हे पालकांना सांगायला नकोच.

काजरी या ठिकाणाची कथा यात्रेकरू चालता चालता एकमेकांना सांगतात. काजरी नावाच्या स्त्रीने नवस केला : मूल झाले तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन. मूल झाले. ती नवस फेडायला आली, आणि समोर नागाचे अतिप्रचंड रूप पाहून तिचे प्राण गेले. कथेत नवस पुरा होतो की नाही, यावर सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. देवाच्या डोळ्यांत काजळ घालू पाहणारी आई ही कल्पनाच इतकी मराठी आणि इतकी घरगुती आहे, की ती ऐकताना हा डोंगर दूरच्या प्रांतातला वाटतच नाही.

नागद्वारीची यात्रा पावसाळ्यातली, तशी महाशिवरात्रीची यात्रा शेजारच्या चौरागड शिखरावर भरते. तिथेही विदर्भातले भाविक नवसाचे लोखंडी त्रिशूळ खांद्यावर वाहून हजाराहून अधिक पायऱ्या चढतात. (दोन चौरागडांचा घोळ मात्र करू नये. गढा-मंडलाच्या संग्रामशाहाचा चौरागड हा किल्ला नरसिंहपूर जिल्ह्यात, गाडरवाऱ्याच्या बाजूला आहे. राणी दुर्गावतीच्या बलिदानानंतर १५६४ साली तिचा पुत्र वीरनारायण लढता लढता पडला तो तिथे. त्रिशूळांचा चौरागड पचमढीचा. जबलपूर जिल्ह्यातल्या मुलांनी तरी हा भेद पक्का ठेवावा.)

आता प्रश्न असा, की विदर्भातला शेतकरी स्वतःच्या राज्यातले देव सोडून दुसऱ्या राज्यातल्या डोंगरावर इतक्या कष्टाने का येतो? उत्तर नकाशात आहे, पण आजच्या नकाशात नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश. राजधानी नागपूर, आणि इंग्रज अमदानीत उन्हाळ्याची राजधानी पचमढी. दर उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांचे दप्तर नागपुराहून या डोंगरावर चढत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, महाकोशल नव्या मध्य प्रदेशात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे १९५५ साली नागपूरच्या शाळेतल्या मुलाला ‘तुझ्या प्रांतातले सर्वोच्च शिखर कोणते?’ असे विचारले असते, तर धूपगड हेच बरोबर उत्तर होते. दोन वर्षांनी त्याच मुलाचे तेच उत्तर चुकीचे ठरले असते. डोंगर हललाच नव्हता.

सरकारचे दप्तर हलले, परीक्षेचे उत्तर बदलले. यात्रेकरूंच्या पावलांनी मात्र याची दखल घेतली नाही. त्यांच्यासाठी प्रांत आधीही नव्हता आणि नंतरही नाही; वाट होती. आज दोन राज्यांची प्रशासने त्यांच्यासाठी बसगाड्यांचे वेळापत्रक जुळवतात, यात तसे पाहता पुनर्रचनेची एक छोटीशी दुरुस्तीच आहे.

मराठी इतिहासाचा एक उदास अध्यायही या डोंगरात दडलेला आहे, आणि त्याची सुरुवात जबलपूरच्या परिसरातच होते. नर्मदाकाठचा हा मुलूख १७८१ पासून सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता. जबलपूरच्या कित्येक जुन्या मराठी घराण्यांची मुळे त्या काळापर्यंत जातात. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, नागपूरच्या फौजेचा पराभव झाला, आणि त्याच सुमारास जबलपूरही इंग्रजांच्या हाती गेले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राजे आप्पासाहेब भोसले यांना कैद करून प्रयागकडे पाठवले. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या परिसरातल्या मुक्कामातून, पहाऱ्याच्या शिपायांना फितवून, वेष पालटून आप्पासाहेब निसटले. आणि गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात.

हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. डोंगरातले गोंड आणि कोरकू त्यांच्या बाजूने उभे राहिले. यातला पेच विसरू नये. नागपूरकर भोसल्यांनी देवगडचे गोंड राज्य आपल्या अमलाखाली आणले होते. डोंगराळ जमीनदारांना मराठी अमलाचा अनुभव गोडच होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही दारात आलेल्या पदच्युत राजाला त्यांनी परत पाठवले नाही. पावसाळा उतरला, आणि त्या चिखलात, हिवतापाच्या त्या जंगलात फौज घुसवणे इंग्रजांना जमेना. हिवाळ्यात घेराव आवळला तेव्हा १८१९ च्या फेब्रुवारीत आप्पासाहेब पश्चिमेकडे असीरगडाच्या रोखाने निघाले. बरोबर पेंढाऱ्यांचा नायक चितू होता. पुढे त्याला जंगलात वाघाने मारले. असीरगड एप्रिलमध्ये पडला. आप्पासाहेब उत्तरेत भटकत राहिले आणि १८४० साली जोधपूरला त्यांचे देहावसान झाले. नागपूरच्या गादीकडे ते पुन्हा कधीच परतले नाहीत. मराठी राजाला ज्यांनी आपल्या घरात नऊ महिने लपवले, त्या गोंड-कोरकूंची नावे मराठी पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाहीत. सह्याद्रीच्या मावळ्यांइतका मान त्यांना मिळाला असता, तर पनागरच्या मुलांना हा डोंगर परका वाटलाच नसता.

कोरकूंविषयी आणखी थोडे. ‘कोरकू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ ‘माणसे’ एवढाच आहे. त्यांची भाषा गोंडीच्या कुळातली नाही, हिंदी-मराठीच्याही नाही; ती मुंडारी, संथाळी यांची बहीण. पूर्वेकडच्या बहिणींपासून दूर, सातपुड्याच्या पाठीवर ती एकटी टिकून आहे, अगदी सालाच्या त्या पुंजक्यासारखी. हीच भाषा पश्चिमेला मेळघाटात, अमरावती जिल्ह्यात बोलली जाते. म्हणजे कोरकू माणसाचा सातपुडा अखंड आहे. मधली रेषा ओढणारे दुसरे कोणी होते. व्याघ्रप्रकल्प झाल्यावर जंगलातली कोरकूंची अनेक गावे बाहेर हलवली गेली. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर गवत वाढले, चितळ आणि गवे आले. वाघांसाठी ते हिताचे झाले, हे मान्य केले पाहिजे. गावकऱ्यांना शाळा, दवाखाना, रस्ता जवळ झाला, हेही खरे. परंतु ज्या माणसाला प्रत्येक ओढ्याचे नाव ठाऊक होते, त्याला आज स्वतःच्या देवाच्या दर्शनाला जाण्यासाठी परवानगी विचारावी लागते. या दोन सत्यांची बेरीज शून्य होत नाही, आणि मुलांसमोर दोन्ही ठेवावीत.

जंगल राखण्याची परंपरा इथे जुनी आहे. पायथ्याचे बोरी १८६५ साली राखीव झाले, भारतातील अगदी पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ चे. पचमढी जीवावरण क्षेत्र १९९९ साली जाहीर झाले, विस्तार सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर, आणि २००९ साली युनेस्कोने त्याला जागतिक यादीत स्थान दिले. एवढ्या संरक्षणातल्या जंगलात दहा दिवसांत लाखो पावले पडतात, तेव्हा मागे काय उरते? प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एकदा नेसून टाकलेले पातळ रेनकोट, तुडवलेली रोपे. यात्रेकरूंच्या श्रद्धेपुढे हात जोडूनही हे बोलले पाहिजे. त्याचबरोबर सुशिक्षितांनी नाक मुरडण्याची घाई करू नये. यात्रेकरू वर्षातून एकदा येतो, पायी येतो, पिठलेभाकरी खातो आणि जमिनीवर झोपतो. त्याला ‘गर्दी’ म्हणणारा प्रवासी डिझेलच्या गाडीतून माथ्यापर्यंत येतो, वर्षभर येतो, आणि चिप्सचे पाकीट त्याच्याही हातात असते. नागद्वारीच्या वाटेवर पाठीला पोते बांधून, परतताना दुसऱ्यांचा कचरा गोळा करणारी तरुण मंडळेही आता दिसू लागली आहेत. त्यांचे अनुकरण करण्यासाठी व्रतवैकल्य लागत नाही.

डोंगराचे पाणी कुठे जाते, हे पाहिल्याशिवाय डोंगर पाहिला असे म्हणू नये. धूपगडाच्या कुशीतले ओढे देनवेला मिळतात, देनवा तवेला, आणि तवा बांद्राभानजवळ नर्मदेला. तवेवर १९७० च्या दशकात बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर खालच्या खोऱ्यातले शेतकरी गहू पिकवतात. इकडे पनागरच्या परिसरात पडलेला पाऊस परियट आणि हिरण नद्यांतून नर्मदेत उतरतो. तेव्हा पनागरच्या शिवारातले पाणी आणि धूपगडाच्या दगडातून महिनोन्महिने झिरपलेले पाणी बांद्राभानला एकमेकांत मिसळते. तिथे कार्तिक पौर्णिमेला मेळा भरतो. पनागरकरांचे धूपगडाशी असलेले नाते सिद्ध करायला याहून वेगळा दाखला देण्याची गरज भासू नये.

शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात. ज्या पालकांना मुलांना धूपगडावर न्यायचे असेल, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिसेंबर-जानेवारीत पचमढीत कडाक्याची थंडी असते आणि माथ्यावर वारा असतो. पनागरचा स्वेटर तिथे पुरत नाही. सूर्यास्तापेक्षा सूर्योदय निवडावा, परवानगीच्या वेळांची चौकशी आदल्या दिवशीच बायसन लॉजवर करावी. वाटाड्या स्थानिक घ्यावा आणि त्याला झाडांची नावे त्याच्या भाषेत विचारावीत. मुलांनी ती वहीत देवनागरीत उतरून घ्यावीत. दगड पाहावा, खिशात घालू नये. माथ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटे तरी कोणी बोलू नये, अशी शिस्त शिक्षकांनी लावावी, आणि स्वतःही पाळावी. एका बाजूला चौरागडाचे त्रिशूळ ओळखता येतात. दक्षिणेकडे दिसतात त्या रांगांच्या पलीकडे छिंदवाडा आहे आणि त्याच्याही पलीकडे नागपूर. मुलांना ती दिशा बोटाने दाखवावी, आणि नागपंचमीला त्या बाजूने कोण येते ते सांगावे. उरलेला वेळ खालच्या बी फॉल किंवा जटाशंकराला द्यावा, पण बाजारासाठी धूपगडाची सकाळ कापू नये. पिपरियाहून जबलपूरकडे परतताना सातपुडा उजव्या खिडकीत येतो. मुलांना त्याच बाजूला बसवावे.